एका लढाईची चार पुस्तकं

चि. बाळ यास,


युद्धेतिहासाची पुस्तकं घरी जमवायची आहेत आणि त्यासाठी पगारातून दरमहा थोडे पैसे बाजूला काढणार आहेस, हे वाचून फार बरं वाटलं. तू यादी मागितली आहेस. ‘थोर सेनापतींची शंभर पुस्तकं’ अशा थाटाची यादी मी देणार नाही. तिने कपाट भरतं, पण एकही लढाई नीट कळत नाही. माझं ऐकशील तर एक लढाई धर आणि तिच्यावर वेगवेगळ्या जागी उभ्या असलेल्या माणसांनी लिहिलेली तीन-चार पुस्तकं आण. ती पचली की मग दुसरीकडे वळ.

सुरुवात १९६२च्या चीन युद्धापासून कर. आपल्या पिढ्यांना सलणारी ही लढाई आहे आणि तिच्यावर भांडणारी माणसं भरपूर लिहून गेली आहेत. पहिलं पुस्तक ब्रिगेडियर जॉन दळवी यांचं ‘हिमालयन ब्लंडर’, १९६९चं. दळवी सातव्या इन्फन्ट्री ब्रिगेडचे कमांडर. त्यांची ब्रिगेड नेफामध्ये, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात, थागला डोंगरकड्याच्या पायथ्याशी, नमका चू नदीच्या काठाने विखरून ठेवली होती. नदी चालत ओलांडता येईल अशी, पलीकडचा उंच कडा चिन्यांच्या ताब्यात, आपल्या बऱ्याच जवानांच्या अंगावर थंडीचे कपडेसुद्धा नाहीत. रसद विमानातून टाकायची आणि तिच्यातली कितीतरी दरीत जायची. २० ऑक्टोबरच्या सकाळी हल्ला झाला आणि काही तासांत ब्रिगेड मोडली. २२ तारखेला दळवी चिन्यांच्या हाती सापडले, ते मे १९६३मध्ये सुटून आले. आपली माणसं डोळ्यांदेखत गेलेल्या कमांडरचा संताप या पुस्तकात पानोपानी आहे. तो खरा आहे, म्हणूनच वाचताना सावध राहा. संतापलेला माणूस खोटं बोलत नाही, पण प्रत्येक गोष्टीला सारखा उजेड देत नाही.

त्याच्या शेजारी लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल यांचं ‘द अनटोल्ड स्टोरी’ ठेव. ते दळवींच्या पुस्तकाआधी दोन वर्षं आलं. घाईने उभ्या केलेल्या चौथ्या कोअरची सूत्रं कौल यांच्याकडे होती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते स्वतः नमका चूवर गेले, १० तारखेची सेंगजाँगची चकमक त्यांनी तिथेच असताना पाहिली, मग दिल्लीला परतले आणि आजारी पडले. हल्ला झाला तेव्हा ते दिल्लीत अंथरुणावर होते. दोन्ही पुस्तकं टेबलावर उघडी ठेव आणि १० ऑक्टोबरची पानं समोरासमोर वाच. कोण काय सांगतो हे तर दिसेलच, पण कोण कुठल्या तासावरून भरकन पुढे जातो, तिकडे लक्ष दे. हा एक अभ्यास मनापासून केलास, तर पुढची सगळी आत्मचरित्रं तू वेगळ्या नजरेने वाचशील.

तिसरं पुस्तक आपल्या कोल्हापूरच्या लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरातांचं, ‘फ्रॉम रिव्हेली टू रिट्रीट’. थोरात १९६१पर्यंत पूर्व विभागाचे सेनापती होते. १९६०मध्ये लखनौला ‘लाल किला’ नावाचा सराव घेऊन चिनी हल्ला कसा येईल, याचा अंदाज त्यांनी वरिष्ठांपुढे मांडला होता. म्हणजे दळवी नदीकाठचे, कौल वरच्या खुर्चीतले आणि थोरात आधीच सांगून निवृत्त झालेले. चौथं नेव्हिल मॅक्सवेलचं ‘इंडियाज चायना वॉर’, १९७०चं. तो चीनकडे झुकलेला आहे असा आक्षेप घेतला जातो आणि मला तो बऱ्याच अंशी पटतो. तरी ते विकत घे. या पराभवाच्या लष्करी चौकशीचा, सरकारने अजून प्रसिद्ध न केलेला हेंडरसन ब्रुक्स अहवाल त्याच्या हाती लागला होता आणि आपल्याला न आवडणारं पुस्तक हाताशी नसेल, तर बाकीची तिन्ही फार लवकर खरी वाटू लागतात. मराठीत मेजर जनरल शशिकान्त पित्रे यांचं ‘न सांगण्याजोगी गोष्ट’ आहे. ते मात्र शेवटी वाच, म्हणजे त्यांनी केलेली निवड तुला तपासता येईल.

पुस्तक संपलं की मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने तीन गोष्टी लिहायची सवय लाव. त्या वेळी लेखक कुठे होता? त्याने किती वर्षांनी लिहिलं? आणि तो कोणाला उत्तर देतोय?

जुन्या काळात जायचं असेल तर झाशीची जोडी घे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५८च्या वेढ्यात शहराच्या आत अडकले होते. ते लढवय्ये नव्हते, दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेलेले भिक्षुक होते. ‘माझा प्रवास’ त्यांनी बऱ्याच वर्षांनी, आठवून लिहिलं. त्याच वेळी तटाबाहेर, वेढा घालणाऱ्या इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेत टॉमस लो नावाचा डॉक्टर मद्रास सॅपर्सबरोबर होता. त्याचं मध्य हिंदुस्थानातल्या मोहिमेवरचं पुस्तक १८६०मध्ये निघालं. एकच तट, एक माणूस आत आणि एक बाहेर. शहर पडल्यावर गल्ल्यांत काय झालं, हे गोडसे भटजी जिवाच्या भीतीने सांगतात. लो ते जिंकणाऱ्याच्या बाजूने सांगतो. ‘माझा प्रवास’ घेताना आवृत्ती मात्र बघून घे. १९०७ची चिंतामणराव वैद्यांची आवृत्ती त्यांच्या संपादकीय कात्रीतून गेलेली आहे. दत्तो वामन पोतदारांनी १९६६मध्ये मूळ हस्तलिखितावरून काढली, ती मिळव.

१९७१च्या युद्धासाठी जनरल जेकब यांचं ‘सरेंडर ॲट ढाका’ आणि समोर जनरल नियाझींचं ‘द बिट्रेयल ऑफ ईस्ट पाकिस्तान’. या जोडीवर मी जास्त लिहीत नाही, ती तुझी तुलाच लावता येईल.

मला जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. अशा कपाटात बहुतेक अधिकारीच बोलत असतात. शिपाई लिहीत नाही, किंवा त्याचं लिहिलेलं छापलं जात नाही. मेसोपोटेमियात कुट-अल-अमाराच्या वेढ्यात, डिसेंबर १९१५पासून २९ एप्रिल १९१६पर्यंत, मराठा पलटणींचे जवान उपाशी राहिले आणि शेवटी तुर्कांच्या कैदेत गेले. त्यांचा सेनापती टाउनशेंड याने आपली बाजू जाडजूड ग्रंथात मांडली. त्या मराठा शिपायांचा ग्रंथ कुठे आहे? ही पोकळी थोडी तरी भरायची तर डेव्हिड ओमिसीने संपादित केलेलं ‘इंडियन व्हॉइसेस ऑफ द ग्रेट वॉर’ घे. पहिल्या महायुद्धातल्या हिंदी शिपायांची ती पत्रं आहेत. सेन्सॉरच्या कचेरीने त्यांचे उतारे इंग्रजीत करून ठेवले, म्हणून ती उरली. बऱ्याच जणांनी ती दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली. आपलं पत्र कोणीतरी उघडणार हे त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे कितीतरी गोष्टी आडवळणाने सांगितल्या आहेत. शिवाय तुझ्या ओळखीत कोणी निवृत्त सुभेदार किंवा हवालदार असेल, तर त्यांच्यासमोर वही घेऊन बस. ती वहीही याच कपाटात ठेव.

आता खरेदीचं. जुनं पुस्तक घेताना आधी नकाशे बघ. घडीचे नकाशे बहुधा मागे चिकटवलेले असतात आणि तेच फाटून गेलेले असतात. नकाशा नसलेलं लढाईचं पुस्तक निम्म्या किमतीतही घेऊ नकोस. सूची आहे का तेही पाहा. सूचीवाचून दोन पुस्तकं समोरासमोर लावता येत नाहीत. भाषांतरात नकाशे आणि सूची गाळलेली असतील, तर मूळ शोध. ग्रंथालयाचे शिक्के असले तरी बिघडत नाही. रणगाड्या-विमानांच्या रंगीत चित्रांची गुळगुळीत पुस्तकं तूर्त लांब ठेव, ती महाग असतात आणि त्यांत माणसं नसतात.

तुझ्या खोलीची पश्चिमेची भिंत पावसाळ्यात ओल धरते, म्हणून कपाट तिला टेकवू नकोस. मागे चार बोटं जागा सोड, फळीवर वेखंडाचे तुकडे ठेव आणि पुस्तकं प्लास्टिकमध्ये गुंडाळू नकोस, आत बुरशी धरते. दसऱ्यानंतर एकदा सगळी खाली काढून सावलीत वारं लागू दे.

कौल यांचं पुस्तक सहज मिळालं नाही तर माझी प्रत घेऊन जा. मी समासात पेन्सिलीने लिहिलेलं आहे, ते आधी वाचू नकोस. तुझी तीन उत्तरं लिहून झाली की मग बघ, आणि जिथे माझं पटणार नाही तिथे शेजारी तुझं लिही.

तुझा,
मामा