पाच बटणांचं कुलूप

अमेरिकेत फोर्ड किंवा लिंकन गाडीच्या ड्रायव्हरच्या दाराशी कधीकधी पाच बटणांची एक छोटी पट्टी दिसते. ठरलेले पाच आकडे दाबले की दार उघडतं. किल्ली नको, रिमोट नको, फोनही नको. १९८० सालच्या थंडरबर्डसारख्या गाड्यांवर फोर्डने ही पट्टी आणली आणि चार दशकं उलटून गेली तरी ती मोडीत निघालेली नाही. मधल्या काळात गाडीतला कॅसेट प्लेअर गेला, सिगारेट पेटवायचा लायटर गेला, ही मात्र टिकली.

टिकली, कारण तिची गरज असलेली माणसं टिकली. समुद्रावर लाटांशी खेळायला जाणारे आहेत. खारं पाणी रिमोटला मानवत नाही. पळायला जाणारे आहेत. त्यांच्या चड्डीला धड खिसा नसतो. अशी माणसं किल्ली सरळ गाडीतच कुठेतरी सरकवून, दार लावून, हात हलवत निघून जातात. पट्टी फक्त दार उघडते, इंजिन सुरू करत नाही, असं पुस्तिका सांगते. पण किल्लीच आत असेल तर दार काय आणि गाडी काय, सगळा भार त्या पाच आकड्यांवरच.

त्या आकड्यांची एक गंमत आहे. आकडे दहा आणि बटणं पाच. पहिल्यावर १ आणि २, दुसऱ्यावर ३ आणि ४, असं करत शेवटच्यावर ९ आणि ०. तुम्ही १ म्हणून दाबलंत की २ म्हणून, याच्याशी गाडीला कर्तव्य नाही. पहिलं बटण दाबलं गेलं, एवढंच तिला कळतं. १३५७९ आणि २४६८० तिच्या लेखी एकच. पाच आकडी कोड म्हटला की डोळ्यांसमोर एक लाख शक्यता उभ्या राहतात, प्रत्यक्षात असतात ३,१२५. तुम्ही कोणाला पत्ता लागू नये म्हणून रात्रभर डोकं खाजवून एखादा आकडा शोधलात, तरी त्याच बटणांवर आणखी एकतीस आकडे बसलेले असतात.

गणिताची आवड असलेल्यांना अशी पट्टी दिसली की त्यांचे हात शिवशिवतात. सगळे कोड सुटे सुटे दाबायचे तर बटणं १५,६२५ वेळा दाबावी लागतील. पण कुलूप जर फक्त शेवटचे पाच दाब तपासत असेल, तर कोड एकमेकांत गुंफता येतात. एकाचे शेवटचे चार दाब तेच पुढच्याचे पहिले चार. मग ३,१२९ दाबांत सगळे कोड होऊन जातात. अशा माळा डच गणिती डी ब्रॉइन यांच्या नावाने ओळखल्या जातात. त्यांचा त्यावरचा लेख १९४६चा.

मराठी शाळेत वृत्तं शिकलेल्याला मात्र ही युक्ती परकी वाटायचं कारण नाही. ‘यमाताराजभानसलगं’ आठवून पाहा. दहा अक्षरं. त्यातली कुठलीही लागोपाठ तीन उचला, लघु-गुरूंचा एक गण हाती येतो. यमाता, मातारा, ताराज, राजभा करत करत आठही गण येतात, आणि एकही दोनदा येत नाही. सुटे लिहिले असते तर चोवीस अक्षरं लागली असती, गुंफल्यामुळे दहांत भागलं. हेच गणित पुढे वाढवलं की मोटारीचं दार उघडतं, असं त्या वेळी बाईंनी सांगितलं असतं तर शेवटच्या बाकांनीही गण पाठ केले असते.

अर्थात गाडी बनवणारेही झोपलेले नाहीत. सात चुकीचे कोड, म्हणजे लागोपाठ पस्तीस दाब झाले की पट्टी मिनिटभर रुसते. ३,१२९ दाबांत असे नव्वदीच्या आसपास रुसवे, म्हणजे दैव फिरलेलं असेल तर जवळजवळ दीड तास नुसता ताटकळण्यात. भर पार्किंगमध्ये एकाच दाराशी तेवढा वेळ बोटं नाचवत उभा राहणारा चोर मला तरी भाबडा वाटतो. सराईत असेल तो काच फोडतो.

तेव्हा अनोळखी माणसाची चिंता मी सोडून दिली आहे. ओळखीच्याचं काय करायचं, हे जास्त अवघड.

आपल्याकडे गावाला जाताना घराची किल्ली शेजारी ठेवायची पद्धत आहे. परत आल्यावर ती आणायला जायचं, गावाहून आणलेला खाऊ द्यायचा, चार शब्द बोलायचे. कधी बिनसलंच, तर किल्ली मागून घेणं हाच पुरेसा निरोप. वेगळं भांडावंही लागत नाही. त्या व्यवहारात देणं आहे तसं परत घेणंही आहे. कोडमध्ये नुसतं देणं. भाच्याला गाडीतलं जॅकेट आणायला पाठवलं आणि पाच आकडे सांगितले, की ते कायमचे त्याचेही झाले. तो त्यांचा गैरवापर करणार नाही, हे पक्कं ठाऊक असतं. प्रश्न त्याच्या सचोटीचा नाहीच. किल्ली परत मागता येते, विसरणं मागता येत नाही.

यावर तोडगा आहे. कारखान्यातून आलेला कोड एका छोट्या कार्डावर छापलेला असतो. तो स्वतःपुरता ठेवायचा. मालकाला आपला वेगळा कोडही घालता येतो आणि हवा तेव्हा पुसता येतो. म्हणजे पाहुण्यांना हा दुसरा सांगायचा आणि ते गेले की पुसायचा. कागदावर चोख व्यवस्था! डेट्रॉइटच्या आसपास मोटारींच्या धंद्यात मराठी इंजिनिअर पुष्कळ आहेत, त्यांच्याकडे पुण्या-नाशिकहून आईवडील, सासूसासरे सहा सहा महिने राहायला येतात. सासरेबुवा रोज नातीचं दप्तर गाडीतून काढून आणतात, आकडे त्यांच्या बोटांत बसतात. ते विमानतळावर आत गेल्या गेल्या गाडीत बसून त्यांचा कोड पुसणारा जावई मला अजून भेटायचा आहे. पुसण्यात गैर काही नाही. पण पुसताना आपण आपल्याच नजरेत जरा हलके होतो, म्हणून पुसला जात नाही.

फोनच्या किल्ल्यांनी ही अडचण सोडवल्याचं सांगतात. मुलाच्या फोनवर गाडीची परवानगी पाठवायची, नको झाली की आपल्या फोनवरून काढून घ्यायची. समोरासमोर यायलाही नको. मला त्यात शेजाऱ्याच्या किल्लीतली सोय दिसते, खाऊ दिसत नाही. शिवाय फोनची बॅटरी संपायची ती नेमकी पावसातच संपते. फोर्डची विजेवर चालणारी मस्टँग माक-ई फोनने उघडते, तरी तिच्या दाराशी आकड्यांची पट्टी ठेवलेली आहेच, ते उगाच नाही.

सगळ्यात विचार करायला लावते ती जुनी गाडी. ती विकत घेतली की किल्ल्या हातात येतात, कागद नावावर होतात, विमा बदलतो. कारखान्याचा कोड मात्र गाडीतल्या ज्या भागात बसवलेला आहे तो भाग बदलल्याशिवाय बदलत नाही. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं दाबलेले आकडे त्याच्याकडे तसेच राहतात. उद्या मॉलच्या पार्किंगमध्ये त्याला आपली जुनी गाडी दिसली आणि सवयीने बोटं तिकडे वळली, तर दार उघडेल. तो चोर नव्हे. त्याने सगळा व्यवहार नीट केलाय, पैसे मोजून घेतलेत. एवढी एकच चीज त्याला विकता आली नाही, कारण ती देऊनही त्याच्याजवळ उरते. विद्या दिल्याने कमी होत नाही याचं सुभाषितकारांना मोठं कौतुक. त्यांना कधी मोटार विकावी लागली नाही.

तरी मी अशी गाडी घेतली तर आधीच्या मालकाला विसरून जा म्हणणार नाही. उलट त्याचा फोन नंबर जपून ठेवीन. ते छोटं कार्ड हातोहात गाडी फिरताना कुठे तरी गहाळ होतं आणि मग डीलरकडे खेपा घाला, पैसे भरा, असं सगळं ओघाने आलंच. त्यापेक्षा त्याला विचारणं सोपं. फार तर तो म्हणेल, आकडे नाही हो सांगता येणार, पण गाडीपाशी या, दाबून दाखवतो.