घर होडीत, भरवसा प्रभूवर



मार्कलिखित शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील वादळाची गोष्ट आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. लाटा होडीत शिरत आहेत, शिष्य घाबरले आहेत आणि प्रभू झोपला आहे. वसईच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्याला ही भीती समजावून सांगावी लागत नाही. परंतु होडीतले सगळेच प्रवास वादळातले नसतात. काही प्रवास संथ पाण्यातले आणि आयुष्यभराचे असतात. तिथे श्रद्धेची कसोटी रोज थोडी थोडी लागते. अशाच एका प्रवासाविषयी आज आपण विचार करू या.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये मालवाहतुकीसाठी कालव्यांचे जाळे खोदले गेले. त्यांतून सुमारे २१ मीटर लांब आणि जेमतेम २ मीटर रुंद अशा चिंचोळ्या होड्या चालत. काठावरून घोडा दोराने होडी ओढी. पुढे रेल्वे आली, मालाचे भाडे घसरले. गावातल्या घराचे भाडे आणि मदतनिसाची मजुरी हे दोन्ही नावाड्याला परवडेना. तेव्हा कित्येकांनी घर सोडले आणि बायकामुलांना होडीतच आणले. होडीभर कोळसा आणि मागच्या टोकाला सुमारे ३ मीटर लांबीची खोली. त्यात शेगडी, भिंतीतून उघडणारे जेवणाचे फळकूट, रात्री आडवा घालायचा पलंग. एवढ्या जागेत आई, वडील आणि मुले! तरीही त्या माउल्या पितळेची भांडी घासून लख्ख ठेवत आणि दारांवर गुलाबाची फुले रंगवलेली असत. घराचे घरपण जागेवर अवलंबून नसते, हे त्यांनी जगून दाखवले.

ब्राउन्स्टन गावापासून लंडनजवळच्या ब्रेंटफर्डपर्यंतचा जलमार्ग सुमारे १५० किलोमीटरचा. त्यावर शंभराच्या आसपास लॉक आहेत. वाटेत चढ आला की होडी डोंगर कशी चढणार? त्यासाठी कालव्यात दोन दरवाजांची हौदासारखी जागा बांधतात. होडी आत घ्यायची, मागचे दार लावायचे आणि वरचे पाणी हळूहळू आत सोडायचे. पाणी चढते आणि कोळशाने भरलेली होडी अलगद वर येते. पाण्याची पातळी सारखी झाल्याशिवाय पुढचे दार कितीही जोर लावला तरी उघडत नाही.

बंधुभगिनींनो, परमेश्वराची कृपा अशीच काम करते. दार लावणे, दोर धरणे, थांबणे हे माणसाचे काम. वर उचलणारे पाणी मात्र वरून येते. आपण बहुतेक वेळा उलटे करतो. मुलाला नोकरी लागत नाही, लग्न जमत नाही, आजार हटत नाही, की आपण बंद दाराला धक्के मारत बसतो. मागचे दार उघडेच ठेवतो, म्हणजे जुने वैर, जुनी सवय सोडत नाही, आणि कृपा का साठत नाही म्हणून तक्रार करतो!

वाटेत ब्लिसवर्थचा सुमारे २.८ किलोमीटरचा बोगदा लागतो. आत घोड्याला वाट नाही. म्हणून घोड्याला डोंगरावरून पलीकडे नेत आणि होडीतली माणसे फळीवर पाठ टेकून, बोगद्याच्या भिंतीला पाय लावून होडी अंधारातून पुढे रेटत. पलीकडे सगळ्यांची भेट होई. परदेशी नोकरीला गेलेल्या माणसाच्या कुटुंबाला हा बोगदा ओळखीचा वाटेल.

पण या कुटुंबांचे आपण नुसते कौतुक करून चालणार नाही. एकत्र राहण्याची किंमत मुलांनी मोजली. होडी आज इथे तर उद्या तिथे, मग शाळा कुठली? कित्येक पिढ्या निरक्षर राहिल्या. काठावरचे लोक त्यांना घाणेरडे, चोरटे म्हणत. कालवा गोठला की फेरी बंद आणि मजुरीही बंद. जॉर्ज स्मिथ यांच्या चळवळीमुळे १८७७ साली कायदा झाला, होड्यांची नोंद आणि राहणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा आली. तरीही कायद्याला जे साधत नाही ते शेजाऱ्याला साधते. स्टोक ब्रुएर्न येथे कालव्याच्या काठी मेरी वॉर्ड नावाची परिचारिका राहत असे. लॉकपाशी थांबणाऱ्या नावाड्यांची ती मलमपट्टी, औषधपाणी करी. १९५१ साली तिला ब्रिटिश एम्पायर मेडल मिळाले. ब्राउन्स्टनच्या चर्चमध्ये या भटक्या कुटुंबांचे स्नानसंस्कार, विवाह आणि दफनविधी होत. म्हणून त्या लहानशा गावच्या चर्चला लोक ‘कालव्यांचे कॅथेड्रल’ म्हणतात. ज्यांना गाव नव्हते त्यांना त्या चर्चने गाव दिले.

१९७० साली तिथली लांब पल्ल्याची कोळशाची शेवटची नियमित वाहतूक बंद झाली. पण पोटासाठी मुलाबाळांसह भटकणे संपलेले नाही. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याकडची आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर येतात, पावसाळ्याच्या तोंडावर परत जातात. त्यांचीही झोपडी जेमतेम एका खोलीची आणि त्यांच्याही मुलांची शाळा मध्येच सुटते. आपण त्यांच्या शेजारून मिस्सेला जातो. त्यांच्यासाठी मेरी वॉर्ड कोण होणार? या आठवड्यात आपल्यापैकी प्रत्येक घराने अशा एका तरी कुटुंबाची नावाने ओळख करून घ्यावी, त्यांच्या मुलाच्या शाळेची चौकशी करावी. बाकीचे पुढे आपोआप सुचेल.

मंदिरात आपण जिथे बसतो त्या भागाला ‘नेव्ह’ म्हणतात. हा शब्द लॅटिनमधील ‘नाविस’, म्हणजे जहाज, यावरून आला आहे. दर रविवारी आपण सारे एकाच होडीत बसतो. या होडीत जागा कमी आहे असे आपल्याला कधीही वाटू नये.

हे प्रभो, आमच्या घरांच्या होड्या तुझ्या कृपेच्या पाण्याने वर उचल, आणि काठावर थांबलेल्यांकडे पाहण्याची दृष्टी आम्हांला दे. आमेन.