शुक्रवारची मीटिंग

आज वाचनात गीतेच्या नवव्या अध्यायातला २३ वा श्लोक होता. श्रद्धेने दुसऱ्या देवतांना भजणारेही माझीच पूजा करतात, पण अविधिपूर्वक, असं भगवंत सांगतात. खरं सांगू? माझं मन त्या 'अविधिपूर्वक'लाच चिकटून बसतं. विधी कळलेला म्हणजे मी, हे जणू ठरलेलंच!

आमच्या टीममधला एक जण शुक्रवारी दुपारी नमाजला जातो. नेमकी तेव्हाच मी लावलेली मीटिंग असते. "ऑफिसात धर्म कशाला?" असं मी दोनदा पुटपुटलो. गळ्यात तुळशीची माळ! शिवाय दरवर्षी आळंदी ते पुणे पालखीबरोबर चालायला मी हक्काने सुट्टी घेतो.

फ्रान्सने २००४ मध्ये सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हांवर बंदी आणली. हिजाब गेला, तशी शीख मुलांची पगडीही गेली. त्यावरून मी मित्रांशी तावातावाने भांडलोय. आपल्या राज्यघटनेचं २५ वं कलम श्रद्धा नुसती मनात ठेवायला सांगत नाही. ती आचरणात आणायचं स्वातंत्र्यही देतं, आणि सगळ्यांना सारखं, हे मीच त्यांना ऐकवलं होतं. पॅरिसची पगडी दिसली, शेजारच्या टेबलावरची टोपी मात्र खुपली.

'माझीच पूजा' हे त्या सहकाऱ्याला मान्य होईलच असं नाही. सगळं एकच, असं मलाही पटकन म्हणवत नाही. पण तो निवाडा भगवंताचा. मीटिंगची वेळ मी ठरवतो.

काल ती तीनला नेली. तो एवढंच म्हणाला, "बाकीच्यांना चालेल ना?"