आई की बाळ?

सुरतेच्या उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत खानदेशातून गेलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. नवापूर-नंदुरबारकडील माणसेही दुखणे हाताबाहेर गेले म्हणजे सुरतेची वाट धरतात. अत्यवस्थ गरोदर स्त्री तेथील नवी सिव्हिल किंवा पालिकेच्या स्मीमेर रुग्णालयात दाखल झाली, की बाहेर बसलेल्या नातलगांच्या ओठी एक प्रश्न हमखास येतो : आई वाचवावी की बाळ? आपल्या मंडळ्यांतही तो धर्मसंकट म्हणून विचारला जातो. आम्हांस वाटते, हा प्रश्न बहुधा चुकीचा मांडला जातो.

पोटातल्या बाळाला प्राणवायू मिळतो तो आईच्या रक्तातून. म्हणून अतिदक्षता विभागात आधी आईला सावरतात. त्यातच बाळाचे हित असते. दिवस भरत आलेल्या बाईला उताणी निजवले, तर गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडून हृदयाकडे रक्त कमी जाते. यासाठी तिला डाव्या अंगावर कलती ठेवतात. तिचे हृदयच बंद पडले आणि पाच महिने उलटलेले असले, तर डॉक्टर चार-पाच मिनिटांत बाळ बाहेर काढण्याचा यत्न करतात. पाहणाऱ्यास वाटते, आईची आशा सोडली. वास्तविक तो भार उतरल्यानेच तिचे हृदय पुन्हा चालू होण्याचा संभव वाढतो.

खरा पेच क्वचित पडतो. रक्तदाब वाढून झटके सुरू झाले आणि बाळ अद्याप बाहेर जगण्याइतके वाढलेले नसले, तर गर्भ ठेवून दोघेही जाण्याचे भय असते. आईचा जीव वाचविण्यासाठी तातडीने गर्भ काढण्याची मुभा १९७१ च्या कायद्याने दिली आहे. येथे एका जिवाचा दुसऱ्याशी सौदा होत नाही. जो वाचू शकतो तो वाचविला जातो. अशा आईबापांना मंडळीने दोष न लावता त्यांच्याजवळ बसावे.

उत्पत्तीच्या ३५ व्या अध्यायात राहेल प्रवासातच प्रसूत होते. सुईण तिला धीर देते, तो मुलगा झाल्याचा. राहेल मात्र प्राण जाता जाता मुलाला दुःखाचा पुत्र असे नाव देते. आपल्या घरांतही बाळ रडले की सगळे पेढ्यांच्या मागे लागतात आणि खाटेवरची बाई विसरली जाते. पण बाळंतपणातले निम्म्याहून अधिक मातामृत्यू बाळ जन्मल्यानंतरच होतात, आणि अतिरक्तस्राव हे त्यांचे एक मोठे कारण आहे. गरोदरपणात अंगातले रक्त जवळजवळ दीडपट होते. त्यामुळे बरेच रक्त जाईपर्यंत तरुण बाई ठीक दिसते आणि मग एकाएकी कोसळते.

तेव्हा नीतीचा खरा प्रश्न उशिराचा आहे. थॅडियस व मेन या अभ्यासकांनी १९९४ मध्ये तीन उशीर सांगितले : घरात निर्णय घेण्याचा, वाटेतला आणि रुग्णालयातला. वाटेसाठी गुजरातेत २००७ पासून १०८ ची गाडी आहे. प्रसूतीच्या रुग्णांसाठी वेगळे अतिदक्षता विभाग कसे असावेत, याचे नियम केंद्र सरकारने २०१६ मध्ये काढले. ते पाळले जातात की नाही हे विचारणे आपले काम आहेच. पण पहिला उशीर सर्वस्वी आपल्या घरचा आहे. "मामंजींना विचारू", "गावाहून दादा येऊ दे", असे म्हणत रात्र जाते, आणि जिच्या जिवाचा प्रश्न तिला कोणी विचारीत नाही. शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाची संमती तिची स्वतःचीच लागते, नातलगाची सही तिच्या जागी चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले आहे.

म्हणून सातव्या महिन्यातच नवराबायकोने एकत्र बसून बोलावे : कोणत्या रुग्णालयात जावयाचे, रात्री गाडी कोण आणील, रक्त कोण देईल, आणि तिची स्वतःची इच्छा काय आहे. मंडळीतील तरुणांनी रक्तदात्यांची यादी पाळकांकडे ठेवावी. महिला मंडळाने बाळंतिणीच्या उशाशी पहिले चोवीस तास कोणी ना कोणी जागे राहील अशी व्यवस्था करावी.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनाही एक विनंती. राहेलीचा धडा शिकविताना लगेच बन्यामिनाकडे वळू नका. याकोबाने तिच्या कबरेवर स्तंभ उभा केला, तेथे वर्गाला थोडे थांबवा. आईचा जीव ही मुलासाठी मोजावयाची किंमत नव्हे, एवढे मुलांना लहानपणीच कळू द्या.