प्रतिष्ठित माणसाची सही

आमच्या सालदाराला ठाण्यात नेलं त्याला वीस-बावीस वर्षं झाली. शेजारच्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली होती. रात्री जेवणावरून उठवून त्याला नेला. सकाळी हवालदार आमच्या ओट्यावर आला. "भाऊ, अटकेच्या कागदावर गावातल्या प्रतिष्ठित माणसाची सही लागते." प्रतिष्ठित म्हटल्यावर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. चहा झाला. कागदावर अटकेची वेळ सकाळची होती. मी सही केली.

तीन दिवसांनी तो सुटून आला तेव्हा त्याचे तळपाय टेकत नव्हते. बायकोने जिल्ह्याला अर्ज केला. अर्ज फिरून फिरून त्याच ठाण्यात आला आणि माझा जबाब घ्यायला तोच हवालदार. मी एवढंच सांगितलं की सही माझी आहे. त्यात खोटं काहीच नव्हतं.

ती बाई दारात येऊन म्हणाली, "भाऊ, तुमी तं पायलंच नाही, मंग सही कायले केली?"

पुढे तालुक्याच्या एका वकिलाने सांगितलं, की ती सही म्हणजे पोलिसांची रीत नव्हे. पश्चिम बंगालमधून सुप्रीम कोर्टाला गेलेल्या एका पत्रावरून 1996 च्या डिसेंबरात निकाल झाला, त्यातला तो हुकूम. अटकेची तारीख-वेळ लिहायची, आणि खाली घरच्याची नाहीतर त्या भागातल्या प्रतिष्ठित माणसाची सही घ्यायची. म्हणजे ठाण्यातली रात्र दिल्लीला दिसत नाही, म्हणून दिल्लीने गावातला एक डोळा धरला होता. तो डोळा माझा.

पारावर लोक म्हणतात, पोलिसांवर नजर वरूनच पाहिजे, खालचे सगळे एकमेकांचे. मीही म्हणायचो. पण आमच्याच विदर्भातलं देसाईगंज आठवा. 1972 साली ठाण्यातच एका आदिवासी पोरीवर अत्याचार झाला. नागपूरच्या हायकोर्टाने दोन पोलिसांना शिक्षा दिली, अन् 1978 मध्ये दिल्लीने त्यांना सोडलं. बायका रस्त्यावर आल्या तेव्हा कुठे 1983 मध्ये कायदा बदलला.

मग गावाच्या हाती द्यावं म्हणावं, तर गाव म्हणजे कोण? मीच. माझा ट्रॅक्टर त्याच ठाण्यासमोरून जातो. पोलीस पाटलाला नेमतो प्रांत, पण त्याचं रोजचं उठणं-बसणं ठाण्यात. 2014 च्या कायद्याने राज्याला आणि विभागाला पोलीस तक्रार प्राधिकरण दिलं, चांगलंच केलं. पण तिथेही कागद जाईल तो गावातूनच. त्यावर वेळ खोटी असली तर वरच्याने काय वाचावं?

सालदार दुसऱ्या वर्षी आमच्याकडे राहिला नाही. मीही थांबवलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात एक नवा शिपाई तसाच कागद घेऊन आला. मी म्हटलं, "आधी माणूस दाखवा." त्याने चहा संपवला, कागदाची घडी केली आणि किराणा दुकानाकडे गेला.