खोडलेली नोंद

हायड्रॉक्सीयुरियावर काम करायचं नाही म्हणालास. जुनं औषध आहे, त्यात क्रांती कसली, जीन एडिटिंगचा विषय द्या. सगळ्या वर्गासमोर म्हणालास, तेव्हा उत्तरही सगळ्यांसमोर ऐक.

ज्या कॅसजेव्हीचं नाव तू घोकत होतास ती नेमकं काय करते, ते तुला सांगता आलं नाही. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेनं मान्यता दिलेल्या, सिकलसेल या रक्ताच्या आजारावरच्या या उपचारात रोग्याच्या मूळपेशी बाहेर काढतात आणि त्यांतल्या बीसीएल११ए या जनुकाचा जोर मोडतात. मग गर्भात असतं ते हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं. तुझं ते जुनाट औषधही हेच हिमोग्लोबिन वाढवतं! दोन्हींच्या मुळाशी १९४८ सालचं एकच निरीक्षण आहे: सिकलसेलच्या नवजात बाळांच्या पेशी फारशा वाकड्या होत नाहीत, हे जॅनेट वॉटसन या डॉक्टरबाईंनी पाहिलं. हायड्रॉक्सीयुरिया हा रेणू १८६९ पासून माहीत होता. सिकलसेलमध्ये त्याचा उपयोग पक्का ठरला १९९५ साली, २९९ रोग्यांच्या चाचणीत. दुखण्याचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले. आणि कॅसजेव्ही ज्यावर उभी आहे ते क्रिस्पर? जिवाणूंच्या डीएनएतल्या त्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांची पहिली नोंद १९८७ ची, जपानमधली. ते तुकडे कशासाठी आहेत हे नोंदवणाऱ्यांनाही कळलं नव्हतं. तरी त्यांनी ती छापली.

तू मात्र खोडलीस. तुझी वही पाहिली मी. आलेखात न बसणारी तीन वाचनं पेनानं काळी केलीस आणि रेष सरळ करून आणलीस. हे मला सर्वांत जास्त लागलं. लॉर्ड रॅलीला हवेतून काढलेला नायट्रोजन अमोनियापासून काढलेल्यापेक्षा सुमारे अर्ध्या टक्क्यानं जड भरत होता. तू असतास तर तराजूला दोष देऊन मोकळा झाला असतास. त्यानं पुन्हा पुन्हा वजनं घेतली, १८९२ मध्ये जाहीरपणे विचारलं की कुणाला कारण सुचतंय का, आणि १८९४ मध्ये रॅम्झेबरोबर आरगॉन बाहेर काढला. आवर्त सारणीला एक अख्खा गण त्यातून मिळाला. भौतिकीतही वेगळं झालं नाही. १९०० साली प्लांकला क्वांटमकडे ढकललं ते बर्लिनमध्ये रुबेन्स आणि कुर्लबाउम यांनी उष्ण वस्तूच्या प्रारणाची नेटानं घेतलेल्या मोजमापांनी. लांब तरंगांशी जुनं सूत्र जुळेना. क्रांती करायचीय म्हणून ती वाचनं कुणी घेतली नव्हती.

आता इथलं बोलू. कॅसजेव्हीची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. महासमुंदहून पोराला कडेवर घेऊन रायपूरच्या मेकाहारा या सरकारी रुग्णालयाच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला हा आकडा ऐकवशील? तिच्या हातात पडते ती हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल. नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की मुलांना दर किलो वजनामागे रोज १० मिलिग्रॅम एवढी कमी, ठरावीक मात्राही लागू पडते. अमेरिकेत मात्रा सोसेल तिथवर वाढवत नेतात. त्यापेक्षा हे स्वस्त, आणि वारंवार रक्त तपासायला जमत नाही तिथे जास्त सुरक्षित. हे काम आपल्यापासून एका रात्रीच्या गाडीवर झालं आणि तू त्याचं नावही ऐकलं नव्हतंस.

पंधरा किलोच्या पोराला लागतात १५० मिलिग्रॅम. कॅप्सूल असते ५०० ची. मग घरी ती उघडून पाण्यात कालवतात. हायड्रॉक्सीयुरिया ओलाव्यानं बिघडतं, हे तुला रसायनशास्त्राचा विद्यार्थी म्हणून माहीत असायला हवं. जुलैतल्या रायपूरची हवा तू रोज अंगावर घेतोस. त्या हवेत उघडी राहिलेली भुकटी, वाटीत उरलेलं ते पाणी, दुसऱ्या दिवशी त्यात औषध किती उरतं? हा विषय मी तुला दिला होता, आणि तू तो हलका म्हणून परत केलास.

विषय बदलून मिळणार नाही. नवी वही आण, पानांवर आकडे घालून आण, पेन्सिल घरी ठेव. खोडलेली तिन्ही वाचनं पहिल्या पानावर लिही, शेजारी त्या दिवशीचं तापमान आणि आर्द्रता. पावसाळा संपायच्या आत मला उत्तर आकड्यांत हवंय.