साडेबारा टक्के



आजची आयत: सूरह अन-निसा, ७. आईवडील आणि नातलग जे मागे ठेवून जातात, त्यात पुरुषांचा वाटा आहे तसा स्त्रियांचाही आहे. मालमत्ता थोडी असो की जास्त, वाटा ठरलेला आहे.

उहुदच्या लढाईत हजरत सअद बिन रबीअ (रजि.) शहीद झाले. त्यांच्या भावाने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. सअद यांची विधवा दोन्ही मुलींना घेऊन प्रेषितांकडे (स.) आली आणि सरळ तक्रार केली. त्यावर वारसा हक्काची आयत उतरली. निकाल असा: दोन मुलींना मिळून दोन तृतीयांश, विधवेला एक अष्टमांश, उरलेलं भावाला.

एक अष्टमांश म्हणजे किती? साडेबारा टक्के! हा आकडा आमच्या दिवाळे गावात काय, अख्ख्या नवी मुंबईत कुणाला समजवावा लागत नाही. सिडकोने ९५ गावांच्या जमिनी घेतल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईचं आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व मान्य झालं. हक्क मागितल्याशिवाय मिळत नाही, हे इथली माती जाणते.

पण आता घरात बघू. वारस नोंदीची वेळ आली की बहिणीपुढे हक्कसोडपत्र येतं. ती सही करते, कारण नाही म्हटलं तर माहेर तुटेल. आपण म्हणतो, "तिने खुशीने दिलं." खरंच खुशीने? भिडेखातर केलेली सही म्हणजे रजामंदी नाही, आणि मनापासून रजामंदी नसेल तर दुसऱ्याचा माल आपल्याला हलाल नाही.

कुणी म्हणेल, १९३७ च्या शरियत कायद्यातून शेतजमीन वगळली आहे. हो, वगळली आहे. पण कुरआनात तशी सूट नाही. याच सूरहच्या १३५ व्या आयतीत अल्लाह सांगतो की न्यायावर ठाम राहा, मग तो स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा नात्यातल्यांच्या विरोधात का जाईना. सरकारकडे हक्क मागताना आपल्याला ही आयत आवडते. बहिणीपुढे बसल्यावरही तीच लागू आहे.

मग करायचं काय? आधी मयताचं कर्ज फेडा. आईची मेहर द्यायची राहिली असेल तर तीही कर्जच. मग वसीयत, एक तृतीयांशाच्या आत. मग आलिमकडून सगळ्यांचे वाटे कागदावर मांडून घ्या. बहिणीचा वाटा आधी तिच्या नावावर, तिच्या हातात द्या. नंतर तिला काही परत द्यावंसं वाटलं तर ती तिची मर्जी. आणि बहिणींनो, आपला हिस्सा मागणं म्हणजे भांडण नव्हे. सअद यांच्या विधवेने मागितला, तेव्हा प्रेषितांनी (स.) तिला गप्प बसवलं नाही, तिचं ऐकलं.

या अल्लाह, आमच्या घरात दुसऱ्याच्या हक्काचा एक वीतही राहू देऊ नकोस. आमीन.